शेरा लिहिणारा हात

"नवीन आहे. सोबत घे, काम दाखव." ठाणे किंवा नवी मुंबई आयुक्तालयातल्या पोलीस ठाण्यात नवख्या शिपायाचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण बहुधा अशाच एका तोंडी वाक्याने सुरू होतं. वरिष्ठ निरीक्षक सांगतात, जुना हवालदार मान डोलावतो आणि पोरगा किंवा पोरगी त्याच्या मागे चालू लागते. हजेरी लागते, ड्युटी वाटपात नाव चढतं. कोण कोणाच्या हाताखाली शिकतंय, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, याची नोंद मात्र सहसा कुठेच नसते. पुढे या दोघांत काही बिघडलं, किंवा जुळू नये ते जुळलं, की चौकशी अधिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो: हा तिचा प्रशिक्षक होता का? कागदावर नव्हता. मग जबाबदारी कोणाची, तर कोणाचीच नाही.

प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी यांच्यातलं जवळचं नातं प्रेमाचं असो, पैशाचं असो की सोयरिकीचं, जोवर एकाच्या हातात दुसऱ्याचा शेरा आहे तोवर ते खासगी नसतं. ते कळवायची आणि बाजूला व्हायची जबाबदारी शेरा लिहिणाऱ्याची. त्याने टाळली तर त्याच्या वरच्याची. शिकणाऱ्यावर ती टाकणं म्हणजे ज्याला नोकरीत कायम व्हायचंय त्यालाच 'बोल, साहेबांविरुद्ध बोल' म्हणण्यासारखं आहे.

मरोळ, खंडाळा किंवा नानवीजच्या प्रशिक्षण विद्यालयात आणि नाशिकच्या अकादमीत शिकणं घोळक्यात चालतं. पीटी, परेड, कायद्याचा तास, सगळीकडे आजूबाजूला माणसं असतात. ठाण्यावर आल्यावर तेच शिकणं एकास एक होतं, आणि त्यातलं बरंचसं रात्री, गाडीत, निर्मनुष्य जागी. पाम बीच रोडवरची नाकाबंदी, येऊरच्या वाटेवरची गस्त, मुंब्रा बायपासला अपघातानंतर क्रेन येईपर्यंत थांबणं. हे टाळता येणार नाही, काम तिथेच आहे. पण या एकांतात अधिकार किती एकतर्फी असतो ते नीट पाहिलं पाहिजे.

जुना हवालदार म्हणेल, माझ्या हातात काय आहे, मी साधा अंमलदार. कागदावर खरंच फार काही नसतं. पण ड्युटी लावणाऱ्या हजेरी मास्तराकडे त्याचा शब्द चालतो. साप्ताहिक सुट्टी मिळणार की 'पुढच्या आठवड्यात बघू', सलग किती रात्रपाळ्या लागणार, दहीहंडीला टेंभी नाक्यावर सकाळपासून उभं राहायचं की राखीवमध्ये बसायचं, हे त्याच्या एका वाक्यावर फिरतं. चूक झाली तर कसुरी अहवाल (चुकीची लेखी नोंद) वर पाठवायचा की दोन शब्द सुनावून सोडायचं, हेही तोच ठरवतो. 'कामात लक्ष नाही' हे तीन शब्द निरीक्षकांच्या कानावर गेले की परिविक्षा (प्रोबेशन) काळातल्या उपनिरीक्षकाचं कायम होणं लांबू शकतं. शिवाय ठाणे शहरात खोली परवडत नाही म्हणून बरेच जण बदलापूर, टिटवाळा, पनवेलच्याही पुढून येतात. ड्युटी मध्यरात्रीनंतर संपली आणि लोकल बंद झाल्या की घरी सोडायला बाईक कोणाची, तर प्रशिक्षकाचीच. उपकार आणि अधिकार एकाच सीटवर बसलेले असतात.

अशा परिस्थितीत 'दोघंही सज्ञान होते, दोघांच्या मर्जीने होतं' हा बचाव ऐकायला रास्त वाटतो. पण मर्जीला किंमत कधी, तर नाही म्हणायची किंमत शून्य असते तेव्हा. इथे नकार दिल्यावर रात्रपाळ्या वाढल्या तर तो योगायोग की सूड, हे सिद्ध करता येत नाही. होकार दिला आणि शेरा चांगला आला, तर तो कामाचा की नात्याचा हेही सांगता येत नाही. दुसऱ्या प्रकारात नुकसान शिकणाऱ्याचंच जास्त. तिने रात्ररात्र जागून मिळवलेल्या चांगल्या शेऱ्यालाही पोलीस लाइनीत उद्या 'तिचं काय, साहेबच होते' एवढीच किंमत उरते.

कायदा याबाबत गप्प आहे असा समज खात्यात आहे. तो खरा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात 'कर्मचारी' या व्याख्येत परिविक्षाधीन आणि प्रशिक्षणार्थी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने पुरवलेलं वाहन हेही 'कामाचं ठिकाण' धरलं आहे. म्हणजे गस्तीची मोबाईल व्हॅन, बीट चौकी, कोर्टाचा व्हरांडा, सगळं आलं. नोकरीत झुकतं माप देण्याचं सूचक आश्वासन किंवा नुकसानीची सूचक धमकी, दोन्ही त्यात मोडतात; उघड बोलायची गरज नाही. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, कारण पटलं तर आणखी तीन महिने मुदतवाढ, 90 दिवसांत चौकशी. पुढे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 68 आहे. लोकसेवकाने आपल्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या स्त्रीला पदाचा गैरवापर करून शरीरसंबंधाला प्रवृत्त केलं, तर तो बलात्काराच्या व्याख्येत बसत नसला तरी पाच ते दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. हे कलम आपण कोठडीतल्या महिलेपुरतं वाचत आलो. 'देखरेखीखालची' हा शब्द प्रशिक्षणार्थीलाही लागू पडतो असं वाचायला काहीच हरकत नसावी.

मुद्दा मात्र शिक्षेच्या आधीचा आहे. 2013 च्या त्याच कायद्याखालच्या नियमांतला आठवा नियम ठाण्यांत फार कोणी वाचलेला दिसत नाही. तक्रार झाल्यावर, महिलेने लेखी मागणी केली तर, अंतर्गत समिती अशी शिफारस करू शकते की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिच्या कामाचा अहवाल किंवा गोपनीय अहवाल लिहू नये. ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. म्हणजे शेरा लिहिणारा हात बाजूला करणं हा उपाय आहे, हे कायद्याला ठाऊक आहे. फक्त तो तक्रारीनंतर मिळतो. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हीच गोष्ट तक्रारीआधी, कोणावरही आरोप न ठेवता, खात्याच्या साध्या कार्यालयीन आदेशाने का होऊ नये? त्याला नवा कायदा लागत नाही. पोलीस आयुक्तांच्या एका स्थायी आदेशाने काम भागतं.

आणि असा आदेश काढायचा तर तो फक्त प्रेमप्रकरणांपुरता काढू नये. ठाण्याच्या पोलीस ठाण्यांत (दोन्ही 'ठाणी' एका वाक्यात आली की बाहेरचा वाचक गोंधळतो, चालायचंच) नात्यांचे इतर प्रकार जास्त दिसतात आणि कमी बोलले जातात. पतपेढीच्या कर्जाला जामीनदार लागतो. प्रशिक्षक नवख्याच्या पुढ्यात फॉर्म सरकवतो. कोण नाही म्हणणार? पाच वर्षांनी हप्ते थकले की कपात जामीनदाराच्या पगारातून. भिशीत नाव घालायला लावणं, प्रशिक्षकाच्याच चाळीतल्या खोलीत भाड्याने राहायला लावणं, मुलांना शाळेतून आणायला पाठवणं, हे सगळं त्याच ओळीत बसतं. एक प्रकार तर बाहेर जवळजवळ कौतुकाचाच समजला जातो: 'आमच्या पुतण्यासाठी तुझ्या घरी विचारू का?' स्थळ चांगलं असेलही. पण विचारणारा पुढच्या सोमवारी तिचा साप्ताहिक शेरा लिहिणार असेल, तर मुलीच्या वडिलांनी कांदेपोह्यांना नकार कसा द्यायचा? यात छळ नाही, गुन्हा नाही, कुठलंही कलम नाही. दडपण मात्र आहे. 2013 चा कायदा केवळ स्त्रीच्या तक्रारीची दखल घेतो. प्रशिक्षणार्थी पुरुष असेल, तर त्याच्यासाठी सेवाशिस्तीचे नियम सोडून दुसरी खिडकी नाही. स्थायी आदेश हवा तो याचसाठी.

नातं शेऱ्यात कसं शिरतं, हे पाहायला कागद वाचावा लागतो. जवळच्या माणसाला प्रशिक्षक बहुधा खोटे गुण देत नाही. तो त्याचं काम स्वतः करून टाकतो. पंचनाम्याचा मजकूर हा लिहितो, सही शिकणाऱ्याची. झडतीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे करायचं असतं, तो मोबाईल हाच धरतो. 'बाळा, तू फक्त बघ.' सहा महिन्यांनी शिकणारा एकटा पडला की मुद्देमालाच्या लेबलवर पंचाची सही राहून जाते, पंचनामा संपल्याची वेळ आणि स्टेशन डायरीतली परतीची वेळ जुळत नाही, लाखेच्या सीलचा नमुना कागदावर घेतलेला नसतो. ठाणे किंवा बेलापूरच्या न्यायालयात बचावाचा वकील नेमकं हेच पकडतो. उलट नातं फिसकटलं की त्याच माणसाचे 'उत्तम'चे शेरे दोन आठवड्यांत 'असमाधानकारक' होतात, मधे एकही कसुरी अहवाल नसताना. दोन्हीकडे खात्याच्या हाती निरुपयोगी कागद उरतो.

शेऱ्याला एवढं महत्त्व का द्यायचं, याचं उत्तर दूर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या पोलीस दलाने किंमत मोजून शोधलं. 1970 साली तिथल्या एका नवशिक्या अधिकाऱ्याच्या गाडीला ड्युटीवर अपघात होऊन एक माणूस दगावला. चौकशीत कळलं की हा माणूस दलात ठेवण्याजोगा नव्हता, पण त्याला काढावं इतपत नीट नोंदच कोणी केली नव्हती. त्यातून 1972 च्या सुमारास त्यांनी जी पद्धत बसवली ती नंतर अमेरिकाभर पसरली: दररोज लेखी निरीक्षण, ठरलेल्या मुद्द्यांवर एक ते सात गुण, आणि दर टप्प्याला वेगळा प्रशिक्षक. शेवटच्या टप्प्यात शिकणारा पुन्हा पहिल्या प्रशिक्षकाकडे येतो. तेव्हा प्रशिक्षक साध्या वेशात नुसता बसून पाहतो. त्यांच्या सगळ्या गोष्टी इथे चालणार नाहीत. रोज एक फॉर्म भरायला आपल्या बीट अंमलदाराला वेळ कुठला? पण प्रशिक्षक बदलत ठेवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

समजा 24 आठवडे धरले. सहा-सहा आठवड्यांचे चार टप्पे करावेत: ठाणे अंमलदाराचा कक्ष, बीट आणि रात्रगस्त, तपास, शेवटी न्यायालय-समन्स-वॉरंट. प्रत्येक टप्प्याला वेगळा प्रशिक्षक; नेमणूक लेखी, बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) आणि तारखांसह, स्टेशन डायरीत नोंदलेली. साप्ताहिक शेऱ्यात 'चांगला', 'मेहनती' असले शब्द नकोत. किती फिर्यादी स्वतःच्या हाताने लिहिल्या, किती पंचनामे, किती अकस्मात मृत्यूंच्या ठिकाणी गेला, कशात चुकला आणि पुढच्या वेळी सुधारलं का, एवढंच असावं. सोबत त्या कागदांच्या प्रती. प्रशिक्षकाची सही, शिकणाऱ्याची सही आणि वाचल्याची गुन्हे निरीक्षकांची सही. चौघांपैकी एका प्रशिक्षकाचा शेरा बाकी तिघांपेक्षा फारच वेगळा पडला, तर तो आपोआप दिसतो. कोणाची कुजबूज ऐकायची गरज पडत नाही.

आता कळवण्याची पद्धत. ती चुकली तर बाकी सगळं फोल. नातं जुळतंय असं वाटलं, किंवा प्रशिक्षणार्थी आपला नातेवाईक, भाडेकरू, जामीनदार आहे असं लक्षात आलं, की प्रशिक्षकाने तीन दिवसांत बंद पाकिटात कळवावं. कोणाला? वरिष्ठ निरीक्षकांना नव्हे, विभागाच्या सहायक पोलीस आयुक्तांना. कारण साधं आहे: पोलीस ठाण्यात आलेलं पाकीट आधी बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) जातं, आणि बारनिशीतून दुपारच्या चहापर्यंत सगळ्या ठाण्यात. पाकीट हातोहात द्यावं. मजकूर चार ओळींचा: दोघांचे बक्कल नंबर, प्रशिक्षण कधीपासून सोपवलं ती तारीख, 'हितसंबंध असल्याने प्रशिक्षणाची जबाबदारी दुसऱ्याकडे द्यावी' ही विनंती, आणि सही. नातं कसलं, कुठवर गेलं, हे लिहायचं नाही. साहेबांनीही विचारायचं नाही. 24 तासांत ताबा बदलायचा, दोघांच्या रात्रपाळ्या वेगळ्या करायच्या, मागच्या चार आठवड्यांचे शेरे दुसऱ्या अधिकाऱ्याने प्रती पाहून पुन्हा लिहायचे. सेवापुस्तकात कोणाच्याही काही जाऊ नये. वेळेत कळवणाऱ्या प्रशिक्षकाला त्यासाठी शिक्षा नको. लपवणाऱ्याला मात्र लपवण्याचीच शिक्षा हवी, नात्याची नव्हे.

हलवायचं झालं तर प्रशिक्षकाला हलवावं. आज नेमकं उलटं होतं. 'पोरीची बदली करून टाका, विषय संपेल.' कायदा अंतरिम उपाय म्हणून दोघांपैकी कोणाचीही बदली करायची मुभा देतो, पण सोयीचा मार्ग नेहमी खालच्याकडून जातो. नव्या ठाण्यात ती पोचायच्या आधी तिची गोष्ट पोचलेली असते, आणि शिकणं पुन्हा पहिल्या दिवसापासून. प्रशिक्षकाचं मात्र बूडही हलत नाही.

यावर एक आक्षेप असा येतो की हे सरकारने शयनगृहात डोकावणं झालं. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं आहे, आणि खात्यातली कितीतरी सुखी जोडपी कामावरच भेटलेली आहेत. त्यातली काही जातीबाहेरची, घरच्यांना नको असलेली. आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच इथे बंदी सुचवलेली नाही. बंदी घातली की नाती थांबत नाहीत, चोरून होतात. आणि चोरट्या नात्यात धाक दाखवणं सोपं जातं. चार ओळींच्या पाकिटात तपशील न मागण्याचं कारणही हेच. शेऱ्याचा कागद दुसऱ्याकडे गेला, की त्या दोघांनी उद्या नोंदणी पद्धतीने लग्न केलं तरी खात्याला त्यात पडायचं कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप: याचा गैरवापर होईल, नको असलेल्या प्रशिक्षकापासून सुटायला कोणीही काहीही उठवेल. पण या पद्धतीत कळवायचं प्रशिक्षकाने आहे, शिकणाऱ्याने नाही. मग खोटं कोण उठवणार? शिकणाऱ्याला स्वतः बदल हवा असेल, तर एका टप्प्यात एकदा, कारण न देता, प्रशिक्षक बदलून मागायची सोय द्यावी. तशी मागणी एकाच प्रशिक्षकाबाबत दोनदा-तीनदा आली, तर ती माहिती सहायक आयुक्तांच्या उपयोगाची आहे.

सहायक आयुक्तांचा उल्लेख वारंवार येतोय, कारण खरा घोटाळा त्या पातळीवर होतो. 'माझ्यापर्यंत काही आलं नाही' हे वाक्य खात्यात ढालीसारखं वापरलं जातं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून ठाण्यातलं ठाण्यात राहतं. पण महिन्याचे ड्युटी तक्ते त्यांच्यापुढे येऊ शकतात, आणि तक्ते बोलतात. तीच जोडी महिन्यात आठ-दहा रात्री एकत्र, साप्ताहिक सुट्ट्या नेमक्या एकाच दिवशी, प्रशिक्षणार्थीचा अचानक विनाकारण बदलीचा अर्ज, शेऱ्यांची एकच भाषा बारा आठवडे. यातल्या एकानेही काही सिद्ध होत नाही. दोन-तीन एकत्र दिसले तर दोघांना वेगवेगळं बोलावून विचारणं हे त्यांचं काम आहे, आणि विचारलं नाही तर ते त्यांच्या गोपनीय अहवालात यायला हवं.

2016 साली नवी मुंबईतून बेपत्ता झालेल्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांच्या खुनाबद्दल पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये एका पोलीस निरीक्षकाला जन्मठेप सुनावली. ते प्रकरण प्रशिक्षणाचं नव्हतं, आणि एवढ्या भीषण गुन्ह्याला ड्युटी तक्त्याशी जोडणं बरोबर होणार नाही. पण याच निरीक्षकाला 2017 साली, त्या बेपत्ता असताना, राष्ट्रपती पदक जाहीर झालं होतं. पदकाची शिफारस ज्या कागदांवरून वर गेली असेल, त्यांत या अधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल कोणाच्या सहीने काय लिहिलं होतं, हा प्रश्न या भागातल्या प्रत्येक पर्यवेक्षकाने स्वतःच्या टेबलावरच्या फायलींना विचारायला हरकत नाही.

राहता राहिली मनुष्यबळाची अडचण, आणि ती खरी आहे. वर्तकनगर किंवा कोपरखैरण्यासारख्या मोठ्या ठाण्यात प्रशिक्षक बदलणं म्हणजे तक्त्यातलं एक नाव खोडणं. मोरा सागरीसारख्या लहान ठाण्यात अनुभवी अंमलदार मोजकेच असतात. दोघांच्या पाळ्या वेगळ्या केल्या तरी हजेरीला समोरासमोर येणारच. तिथे प्रशिक्षकाला त्या टप्प्यापुरतं उरण किंवा न्हावाशेवा ठाण्याशी संलग्न करावं. अंतर थोडं आहे, आणि जानेवारी 2024 पासून रेल्वे उरणपर्यंत पोचली आहे, त्यामुळे बेलापूरकडे पाठवणंही पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. त्याच्या जागी तिथला एक जण सहा आठवडे मोऱ्याला. प्रवासभत्त्याचं बिल येईल, ते नियंत्रण कक्षाच्या नेहमीच्या बिलांसोबत मंजूर व्हावं, आणि संलग्नतेच्या आदेशात कारण म्हणून 'प्रशासकीय' एवढाच शब्द असावा.